येशूचा इतिहास, ख्रिस्ती धर्माचा उगम आणि आपले धर्मस्वातंत्र्य

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात रविवारचा वाचनवर्ग चालू होता. एका तरुणाने मोबाईल पुढे केला. "दादा, हे बघा. येशू मुळात बौद्ध भिक्खू होता. लडाखमध्ये शिकला आणि मग तिकडे जाऊन त्याने आपलाच धम्म वेगळ्या नावाने सांगितला." त्यावर मागे बसलेली एक मुलगी म्हणाली, "येशू नावाचा माणूस झालाच नाही. सगळं रोमन राजांनी रचलंय." वाद रंगला, तास संपला, चहा झाला.

त्याच आठवड्यात शेजारच्या गल्लीत एका ख्रिस्ती कुटुंबाच्या घरी चाललेली प्रार्थना दहा-बारा जणांनी येऊन बंद पाडली. पुढच्या रविवारी विषय निघाला तेव्हा वर्गातलाच एकजण सहज बोलून गेला, "धर्मच खोटा आहे तर प्रार्थना बंद पडली काय आणि चालली काय. आपलं काय गेलं?"

त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर आहे. ख्रिस्ती धर्म कसा सुरू झाला हा इतिहासाचा प्रश्न आहे आणि तो पुराव्याने सोडवायचा असतो. कुणाला कोणता धर्म मानू द्यायचा हा हक्काचा प्रश्न आहे. पहिल्याचे उत्तर काहीही आले तरी दुसऱ्याचे उत्तर बदलत नाही. हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले तर त्याचा फटका आपल्यालाही बसतो.

येशू झाला होता का?

आजच्या बहुतेक इतिहासकारांचे, त्यात धर्म न मानणारेही आले, मत असे आहे की येशू नावाचा माणूस होऊन गेला. तो रोमन साम्राज्याच्या ताब्यातल्या गालील प्रांतातला ज्यू होता. त्याची भाषा आरामाईक होती. योहान नावाच्या साधूकडून त्याने बाप्तिस्मा घेतला, गावोगाव उपदेश केला आणि इ.स. ३० च्या आसपास जेरुसलेममध्ये रोमन अधिकारी पोंतियस पिलात याच्या हुकमाने त्याला क्रुसावर मारले गेले. पिलात इ.स. २६ ते ३६ या काळात तिथे होता. त्याचे नाव कोरलेला दगड १९६१ मध्ये कैसरिया इथल्या उत्खननात सापडला.

सर्वात जुने ख्रिस्ती लिखाण म्हणजे पौलाची पत्रे. ती इ.स. ५० ते ६० च्या सुमाराची आहेत. मार्कचे शुभवर्तमान इ.स. ७० च्या आसपासचे आणि बाकीची तीन त्यानंतरची मानली जातात. बाहेरचे पुरावेही आहेत. ज्यू इतिहासकार योसेफस याने इ.स. ९३-९४ च्या सुमारास येशूचा आणि त्याचा भाऊ याकोब याचा उल्लेख केला. यातल्या येशूवरच्या मजकुरात नंतरच्या ख्रिस्ती नकलकारांनी भर घातली, हे अभ्यासक मान्य करतात. रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ.स. ११६ च्या सुमारास लिहिले की, सम्राट तिबेरियसच्या काळात पिलातने 'ख्रिस्तस'ला मृत्युदंड दिला. टॅसिटसला ख्रिस्ती लोकांचा तिटकारा होता. त्यामुळे त्याने त्यांच्या सोयीसाठी हे लिहिले असे म्हणता येत नाही.

याचा अर्थ बायबलमधली प्रत्येक गोष्ट इतिहास आहे असा नाही. मत्तयच्या मते येशूचा जन्म राजा हेरोदच्या हयातीत झाला. हेरोद इ.स.पूर्व ४ मध्ये वारला. लूक म्हणतो की क्विरिनियसच्या जनगणनेच्या वेळी जन्म झाला. ती जनगणना इ.स. ६ ची. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही. कुमारी मातेच्या पोटी जन्म, चमत्कार, मेल्यावर पुन्हा उठणे या श्रद्धेच्या गोष्टी आहेत. इतिहास त्यांना प्रमाणपत्र देत नाही.

इथे आपल्याच तरुणांसाठी एक सावधगिरी. "येशूबद्दल नंतर लिहिले गेले, म्हणून सगळे खोटे" हा युक्तिवाद वापरण्याआधी आपल्या घरात डोकावून पाहावे. त्रिपिटक श्रीलंकेत लिखित रूपात आले ते इ.स.पूर्व पहिल्या शतकात, म्हणजे महापरिनिर्वाणानंतर काही शतकांनी. तोवर ते भिक्खूंनी पाठांतराने जपले. जन्मल्याबरोबर सात पावले चालण्याची कथा आपल्याही ग्रंथांत आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना म्हातारा, आजारी माणूस आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही परंपरेतली कथा बुद्धीला पटत नाही म्हणून बाजूला ठेवली आणि शाक्य-कोलियांच्या पाण्याच्या वादाचे कारण मांडले. त्यांनी परंपरा तपासली, पण बुद्ध झालेच नाहीत असे म्हटले नाही. चिकित्सा करायची ती अशी. जी मोजपट्टी दुसऱ्याच्या ग्रंथाला लावू, तीच आपल्यालाही लावता आली पाहिजे.

येशू भारतात आला होता का?

मोबाईलवर फिरणाऱ्या त्या व्हिडिओचे मूळ १८९४ मध्ये आहे. त्या वर्षी निकोलस नोतोविच या रशियन माणसाने फ्रेंचमध्ये एक पुस्तक छापले. लडाखच्या हेमिस गोम्पात आपला पाय मोडून मुक्काम झाला, तिथल्या प्रमुख लामांनी 'इसा' नावाच्या संताची पोथी वाचून दाखवली, आणि हा इसा म्हणजेच तरुणपणी भारतात येऊन शिकलेला येशू, असा त्याचा दावा होता. पुस्तक युरोपात भरपूर खपले. त्याच वर्षी संस्कृतचे पंडित मॅक्स म्युल्लर यांनी या दाव्यावर जाहीर शंका घेतली. १८९५ मध्ये आग्र्याच्या सरकारी कॉलेजातले प्राध्यापक आर्चिबाल्ड डग्लस स्वतः हेमिसला गेले. तिथल्या प्रमुख लामांनी सांगितले की असा कुणी माणूस आमच्याकडे राहिला नाही आणि अशी पोथीही नाही. पुढे स्वामी अभेदानंद यांनी १९२२ च्या हेमिस भेटीत पोथी पाहिल्याचे लिहिले. पण मूळ पोथी अभ्यासकांसमोर तपासणीसाठी कधीच आली नाही.

येशू काश्मीरमध्ये वारला आणि श्रीनगरच्या रोजाबल इथे त्याची कबर आहे, हा दुसरा दावा. तो अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी १८९९ च्या सुमारास मांडला. तो त्या पंथाच्या श्रद्धेचा भाग आहे. इतिहासाचा पुरावा म्हणून तो टिकत नाही.

मग बौद्ध जग आणि पश्चिमेचा काही संबंधच नव्हता का? होता, आणि त्याचे पुरावे या अफवेपेक्षा कितीतरी भक्कम आहेत. सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात सीरियाचा अंतियोक, इजिप्तचा तुरमाय यांच्यासह पाच ग्रीक राजांची नावे आहेत. हे येशूच्या अडीचशे वर्षे आधीचे. आपल्या कार्ले लेणीच्या चैत्यगृहात गेलात तर खांबांवरचे लेख पाहा. धेनुकाकट इथल्या 'यवन' दात्यांची नावे तिथे कोरलेली आहेत. इजिप्तच्या तांबड्या समुद्राकाठच्या बेरेनिके या जुन्या बंदरात संगमरवरी बुद्धमूर्ती सापडल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. इ.स. २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती विद्वान क्लेमेंट बुद्धाचे नाव घेऊन त्यांच्या अनुयायांचा उल्लेख करतो.

हे सगळे संपर्काचे पुरावे आहेत. व्यापारी येत-जात होते, विचारही आले-गेले असतील. पण येशूचा उपदेश बौद्ध धम्मातून घेतला हे त्यातून सिद्ध होत नाही. त्याच्या शिकवणुकीची भाषा, दाखले आणि वाद ज्यू परंपरेतले आहेत. तो देवाच्या राज्याबद्दल बोलतो आणि तथागत तर देवाचा आधारच घेत नाहीत. बाबासाहेबांनी १९५० मध्ये महाबोधि सोसायटीच्या मासिकात लिहिलेल्या लेखात हा फरक नेमका दाखवला. येशूने स्वतःला देवाचा पुत्र म्हटले, बुद्धांनी मात्र आपण फक्त मार्ग दाखवणारे आहोत इतकेच सांगितले. येशूला 'आपला' करण्याच्या नादात आपण हा फरक पुसून टाकतो.

बुद्ध ख्रिस्ती संत झाले ती खरी गोष्ट

देवाणघेवाणीचे पक्के उदाहरण हवे असेल तर ते मध्ययुगात आहे. सिद्धार्थाच्या गृहत्यागाची कथा भारतातून इराणकडे गेली, तिथून अरबीत, अरबीतून जॉर्जियन भाषेत, तिथून ग्रीकमध्ये आणि अकराव्या शतकात लॅटिनमध्ये पोहोचली. वाटेत 'बोधिसत्त्व' या शब्दाचे 'बुदासफ' झाले. अरबी लिपीत 'ब' आणि 'य' यांच्यात टिंबांचाच फरक असल्याने 'युदासफ' झाले आणि शेवटी 'जोसाफत'. राजवाडा सोडून सत्याच्या शोधात निघालेला हा राजपुत्र युरोपभर ख्रिस्ती संत म्हणून पूजला गेला. रोमन कॅथलिक संतांच्या यादीत २७ नोव्हेंबर हा त्याचा दिवस नोंदवला गेला. एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांनी धागे जुळवले तेव्हा जगाला कळले की हा संत म्हणजे आपले तथागत.

ही गोष्ट हेमिसच्या कथेपेक्षा किती सरस आहे पाहा. हस्तलिखिते आहेत, भाषांची साखळी आहे, प्रत्येक टप्पा तपासता येतो. वर्गात हीच सांगावी.

छळ सोसणारे सत्तेवर आले तेव्हा

सुरुवातीचे ख्रिस्ती लोक साम्राज्यातले दुबळे अल्पसंख्य होते. त्यांच्यात गुलाम, स्त्रिया, कारागीर बरेच होते. इ.स. ६४ मध्ये रोमला आग लागली तेव्हा सम्राट नीरोने खापर त्यांच्या माथी फोडले. इ.स. २५० मध्ये सम्राट डेसियसने फर्मान काढले की प्रत्येकाने देवतांना बळी द्यायचा आणि तसा दाखला अधिकाऱ्यांकडून घ्यायचा. असे दाखले इजिप्तमध्ये पपायरसवर लिहिलेले सापडले आहेत. "मी नेहमीच देवतांना बळी देत आलो आहे, आताही तुमच्यासमोर दिला, सही करावी" असा त्यांचा आशय. माणसाच्या मनातल्या श्रद्धेसाठी सरकारी सही! हा दाखला लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

इ.स. ३०३ मध्ये डायोक्लेशियनच्या काळात मोठा छळ झाला. इ.स. ३११ मध्ये गॅलेरियसने तो थांबवला. इ.स. ३१३ मध्ये कॉन्स्टंटाइन आणि लिसिनियस या सम्राटांनी मिलान इथे ठरवले की ख्रिस्ती असोत वा इतर, प्रत्येकाला आपला धर्म पाळण्याची मोकळीक असेल. धर्मस्वातंत्र्याच्या इतिहासातला हा मोठा टप्पा आहे. त्याच्या शंभर वर्षे आधी ख्रिस्ती लेखक टर्टुलियन याने मांडले होते की सक्तीचा धर्म हा धर्मच नव्हे.

पण मोकळीक मिळून सत्तर वर्षेही झाली नाहीत तोच चित्र उलटले. इ.स. ३८० मध्ये सम्राट थिओडोसियसने विशिष्ट पंथाचा ख्रिस्ती धर्म सर्व प्रजेला बंधनकारक केला. इ.स. ३८५ मध्ये प्रिसिलियन या ख्रिस्ती धर्मगुरूलाच वेगळ्या मतांमुळे ख्रिस्ती राजवटीत देहदंड झाला. इ.स. ३८८ मध्ये कॅलिनिकम गावात जमावाने ज्यूंचे प्रार्थनास्थळ जाळले. सम्राटाने ते बांधून द्यायला सांगितले तर मिलानचा बिशप अँब्रोस आडवा आला आणि सम्राटाला हुकूम मागे घ्यावा लागला. इ.स. ३९१ पासून जुन्या देवळांतल्या पूजेवर बंदी आली.

कालपर्यंत दाखला मागितला म्हणून जीव देणारे लोक आज दुसऱ्याची देवळे बंद करत होते. दोष एकट्या ख्रिस्ती धर्माचा नाही. धर्माच्या हातात राज्याचा दंडुका आला की कुठेही हेच होते. आपल्या शेजारी गोव्यात पोर्तुगीजांच्या इन्क्विझिशनने १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षे सोडता, लोकांच्या घरात शिरून त्यांच्या चालीरीतींचा हिशेब मागितला. आणि श्रीलंका व म्यानमारमध्ये बौद्ध म्हणवणाऱ्या जमावांनी आणि काही भिक्खूंनी मुस्लिमांविरुद्ध जे केले, तेही आपण लपवता कामा नये.

भारतातले ख्रिस्ती

"ख्रिस्ती धर्म इंग्रजांनी आणला" हे वाक्य आपल्याही सभांत ऐकू येते. सहाव्या शतकात कॉस्मस या प्रवाशाने मलबारात ख्रिस्ती वस्ती असल्याचे नोंदवले आहे. केरळातल्या कोल्लमच्या तरिसापल्ली चर्चला दिलेले ताम्रपट इ.स. ८४९ चे आहेत. म्हणजे ज्ञानेश्वरी लिहिली जाण्याच्या चारशे वर्षे आधी भारतात चर्च होते.

महाराष्ट्राचाही संबंध आहे. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला. १८९५ मध्ये नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या आणि नंतर स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून बायकोने आपोआप बदलला नाही. सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य म्हणतात ते हेच.

टीका करायला जागा आहेच. धर्मांतर करूनही चर्चमध्ये जात सुटली नाही, वेगळ्या रांगा आणि वेगळ्या दफनभूमी राहिल्या. धर्मांतरितांच्या या अवस्थेवर बाबासाहेबांनी रोखठोक लिहिले आहे. ती टीका आपण जरूर करावी. पण टीका करणे वेगळे आणि कुणाची प्रार्थना बंद पाडणे वेगळे.

तथागत आणि अशोक काय सांगतात

मज्झिम निकायातले उपालि सुत्त प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे. नालंदेचा श्रीमंत गृहस्थ उपालि निगंठ नातपुत्तांचा अनुयायी होता. बुद्धांना वादात हरवायला आला आणि त्यांच्याच विचाराने भारावून शरण जायला तयार झाला. तथागतांनी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. नीट विचार करून, तपासून निर्णय घे. आणि तुझ्या घरी इतकी वर्षे निगंठांना भिक्षा मिळत आली आहे, ती बंद करू नकोस. धर्मांतराच्या ऐन क्षणी आमिष नाही, घाई नाही, आधीच्या धर्माचा द्वेष नाही.

अशोकाचा बारावा शिलालेख हेच राज्यकर्त्याच्या भाषेत सांगतो. आपल्या पंथाच्या प्रेमापोटी जो दुसऱ्याच्या पंथाची निंदा करतो, तो आपल्याच पंथाचे नुकसान करतो, असा त्याचा आशय आहे. मिलानच्या फर्मानाच्या साडेपाचशेहून अधिक वर्षे आधीचा हा वारसा आपला आहे.

संविधान, कायदे आणि आपण

संविधानाचे कलम २५ प्रत्येक व्यक्तीला सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा व प्रचार करण्याचा हक्क देते. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य या मर्यादा आहेत. 'प्रचार' हा शब्द ठेवावा की नाही यावर संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये कडाक्याची चर्चा झाली आणि शब्द राहिला. तुमचा धर्म खरा आहे हे आधी सिद्ध करा, अशी अट या कलमात कुठेही नाही.

त्यानंतर राज्यांचे कायदे आले. ओडिशाचा १९६७ चा, मध्य प्रदेशचा १९६८ चा. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कायदे वैध ठरवले आणि प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही असे म्हटले. बळजबरी आणि फसवणूक रोखायला कुणाचाच विरोध नाही. अडचण आहे ती स्वखुशीने धर्म बदलणाऱ्यालाही सरकारची परवानगी मागायला लावण्यात.

आता "आपलं काय गेलं" याचे उत्तर. गुजरातचा २००३ चा कायदा आला तेव्हा चर्चा मिशनऱ्यांची होती. ८ एप्रिल २०२४ रोजी गुजरातच्या गृहविभागाने परिपत्रक काढले की हिंदू धर्मातून बौद्ध धर्मात जाण्यासाठीही या कायद्याखाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागेल. बौद्ध हा स्वतंत्र धर्म आहे हे त्यात मान्य झाले, पण त्या मान्यतेबरोबर अर्जही आला. २०१६ मध्ये ज्या उना प्रकरणात दलितांना मारहाण झाली, तिथल्या पीडित कुटुंबाने २०१८ मध्ये बौद्ध धम्म स्वीकारला. आता त्या राज्यात अशा प्रत्येक कुटुंबापुढे सरकारी टेबल आहे. डेसियसच्या दाखल्याची आठवण येते ती इथे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांनी बाबासाहेबांसोबत धम्मदीक्षा घेतली. तेव्हा प्रत्येकाला आधी अर्ज करून चौकशीला सामोरे जावे लागले असते, तर ती दीक्षा झाली असती का? धर्मांतराची शिक्षाही आपण भोगली आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता होता. शिखांना तो १९५६ मध्ये आणि बौद्धांना थेट १९९० मध्ये मिळाला. मधली तेहतीस-चौतीस वर्षे आपल्या वडीलधाऱ्यांनी केंद्राच्या सवलतींविना काढली. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम आजही त्या दाराबाहेर उभे आहेत. ज्या दारातून आपण इतक्या उशिरा आत आलो, ते आपल्या मागे लावून घ्यायचे का, याचा विचार आपण करायला हवा.

२०११ च्या जनगणनेत देशात ख्रिस्ती २.३ टक्के आणि बौद्ध ०.७ टक्के आहेत. दोन्ही मूठभर. त्यांच्या घरावर आलेला जमाव उद्या विहारावर येणार नाही, याची हमी कुणी देऊ शकत नाही.

वाद घालताना

आमच्या वाचनवर्गात आम्ही आता पाच गोष्टी पाळतो.

१. दावा ऐकला की पहिला प्रश्न: हे पहिल्यांदा कुणी, कधी लिहिले?
२. संपर्क म्हणजे उगम नव्हे. दोन विचार सारखे दिसले म्हणून एक दुसऱ्यातून आला असे होत नाही.
३. दुसऱ्याच्या ग्रंथाला लावलेली कसोटी त्रिपिटकालाही लावायची.
४. टीका विचारावर आणि संस्थेवर करायची, वस्तीतल्या माणसावर नाही.
५. वाद कितीही पेटला तरी समोरच्याच्या प्रार्थनेच्या हक्कावर वाद घालायचा नाही.

प्रार्थना बंद पडलेल्या त्या घरी आम्ही नंतर गेलो. वर्गातली चार मुले सोबत आली. "आपलं काय गेलं" म्हणणाराही आला होता. घरातल्या मावशींनी चहा केला. आम्ही त्यांना सांगितले की तक्रार द्यायची असेल तर आम्ही सोबत येऊ. येशू झाला की नाही, भारतात आला की नाही, हा विषय तिथे निघालाच नाही, आणि तिथे तो काढायचे कारणही नव्हते. तो पुढच्या रविवारी विहारात निघाला आणि जोरात रंगला.

जय भीम. नमो बुद्धाय.